कॅलेंडरखालचा तिसरा रकाना

मित्रांनो, मी शहागंजातल्या एका छोट्या दवाखान्यातला जुना तक्ता आहे. जुना म्हटलं की लोक हळहळतात. मला मात्र राग येतो, आणि तो मी लपवणार नाही.

गुणसूत्र जास्त झालं किंवा कमी पडलं, तर शरीरात काय फरक दिसतात, ते माझ्या तीन रकान्यांत छापलं आहे. पहिला डाउन सिंड्रोमचा: एकविसावं गुणसूत्र दोनाऐवजी तीन, डोळे तिरपे, अंग सैल, शिकायला वेळ लागतो. दुसरा क्लाइनफेल्टरचा: मुलाला एक एक्स गुणसूत्र जास्त, तो उंच वाढतो, पण दाढीमिशी विरळ. तिसरा टर्नरचा: मुलीला एक एक्स कमी. उंची खुंटते, मान रुंद, वय होऊनही पाळी येत नाही, हृदय तपासावं लागतं. बुद्धी मात्र बहुधा चांगली.

सुरुवातीला माझं फार कौतुक झालं. मोठे डॉक्टर पेनाने एकेक रकाना दाखवून लोकांना समजावत. मग एका टॉनिकवाल्याने कॅलेंडर दिलं. नवा खिळा ठोकायचा कंटाळा, म्हणून ते माझ्याच उजव्या खिळ्याला अडकवलं. तिसरा रकाना झाकला गेला.

त्याच वर्षी सोयगावहून गोजरबाई नऊ वर्षांच्या नातीला, राजनंदिनीला घेऊन आल्या. पोर वर्गात पहिली, पण अंगाने सहा वर्षांची वाटावी इतकी ठेंगणी. आजींनी माझ्या पहिल्या रकान्यातला फोटो निरखला, मग नातीकडे पाहिलं.

"डाक्टरसाहेब, हे असलं तर नाय ना काही?"

"छे हो! शाळेत पहिली येते ना? मग कसलं काय! उशिरा वाढेल."

"व्हय, पोरगी लई हुशार हाय आमची."

आजींचा जीव भांड्यात पडला. टॉनिकची बाटली घेऊन दोघी गेल्या. मला तोंड असतं तर मी ओरडलो असतो.

दरवर्षी कॅलेंडर बदललं, बाटली बदलली. उंची वाढावी म्हणून आजींनी पोरीला कडुलिंबाच्या फांदीला लोंबकळायलाही लावलं. पाळी आली नाही, तेव्हा म्हणाल्या, "आमच्यात उशिराच येती."

दहा वर्षांनी डॉ. उजमा इथे रुजू झाल्या. त्यांनी राजनंदिनीची मान पाहिली, उंची मोजली आणि तडक कॅलेंडर काढलं. रक्ताची तपासणी झाली, हाताचा एक्स-रे निघाला. माझा तिसरा रकानाच खरा ठरला.

"हृदय तपासू, पाळीची औषधंही सुरू करू," त्या म्हणाल्या. "पण उंचीचं इंजेक्शन वाढत्या वयातच लागू पडतं, आजी. आता हाडांची टोकं जुळली, वाढ संपली."

राजनंदिनीने तो रकाना उभ्याउभ्या पूर्ण वाचला. कॅलेंडरखाली रंग जराही उडाला नव्हता. गोजरबाईंनी समोरच्या बाकड्यावर हात ठेवला.

"दहा वर्सं आम्ही ह्याच बाकड्यावर बसलो, बाई. हितंच लिव्हलेलं व्हतं?"

मोठे डॉक्टर चष्मा पुसत राहिले.

मित्रांनो, आता मला काचेची चौकट करणार आहेत म्हणे. नको मला चौकट. मला वाचा. मूल हुशार आहे म्हणून त्याचं दुखणं झाकू नका, आणि कॅलेंडरला वेगळा खिळा ठोका. हातोडा समोरच्या कपाटावर होता. दहा वर्षं मला तो रोज दिसत होता.