शोकेसमधला बैल

मित्रांनो, मी एक जुना रोबोट आहे, आणि जुना झालो तरी मला स्वस्थ राहणं जमलेलं नाही. जमणार तरी कसं? मला घडवलंच मुळी बदलण्यासाठी. उभा केलात तर मी तलवार धरलेला योद्धा. हात खाली ओढा, कंबर अर्धी फिरवा, छाती पुढे दुमडा, की मी होतो बैल. पांढरा, तांब्याच्या रंगाच्या शिंगांचा, कपाळावर चंदेरी चांद असलेला. एका अंगात असे दोघं कोंबायचे आणि वर म्हणायचं, गप उभा राहा! तुम्हीच सांगा, हा कुठला न्याय?

माझा जन्म फार दूरच्या एका कारखान्यात झाला. गरम प्लास्टिक साच्यात ओतलं, थंड झाल्यावर माझे हात, पाय, शिंगं वेगवेगळी बाहेर आली. एका बाईनं मला जोडलं. शेवटी तिनं माझी कंबर फिरवून पाहिली. टक्! जोड नेमका खाचेत बसला. ती समाधानानं हसली आणि मला पुढे सरकवलं. आयुष्यातलं पहिलं सुख मला त्या आवाजात मिळालं. त्यानंतर मात्र हातापायांना तारा बांधल्या आणि मी डब्यात बंद झालो. जहाजात, ट्रकमध्ये, गोदामात, सगळीकडे मी आतल्या आत चुळबुळत होतो.

डबा उघडला तो बडनेऱ्यात, रेल्वेच्या क्वार्टरमध्ये. उघडणाऱ्याचं नाव कुलदीप. हा रेल्वेत सिग्नलच्या दुरुस्तीचं काम करतो आणि उरलेल्या वेळात माझ्यासारखे रूप बदलणारे रोबोट जमवतो. नुसते जमवत नाही, त्यांची पारख करतो. दिवाणावर निळी चादर अंथरायची, मोबाइल उभ्या पोळपाटाला टेकवायचा आणि लोकांना दाखवायचा व्हिडिओ सुरू.

"नमस्कार मंडळी! खेळणं कोणाचंई असो, आपून खरं तेच सांगतो."

आणि खरोखरच तो खरं सांगायचा. खांदा घट्ट आहे का, गुडघा भार पेलतो का, रंग रेषेबाहेर सांडलाय का, रोबोट एका पायावर उभा राहतो का, सगळं उलटंसुलटं करून पाहायचा. एकदा एका लाल रोबोटला त्यानं सगळ्यांसमोर असं सोललं की मलाच त्याची दया आली. "पाहा याचा गुडघा! वाऱ्यातल्या मांडवावानी डोलून राहिला!" दर वेळी मधेच स्वयंपाकघरातून त्याच्या आईचा, मैनाबाईचा आवाज यायचा, "माहा पोळपाट आण बापा, पोळ्या कायवर लाटू?" हेही लोकांना ऐकू जायचं. त्यांना ते फार आवडायचं.

माझी पाळी आली तेव्हा कुलदीपनं मला बैल केलं, पुन्हा योद्धा केलं. टक्, टक्! मी हरखून गेलो. तो तर माझ्याहून जास्त. "मंडळी, याले म्हनते कंबर! असा जोड म्या आजवर पाह्यला नाई." त्यानं मला दोन्ही हातांवर उचलून मोबाइलपुढे धरलं. माझ्या कौतुकाचा तो सगळ्यात मोठा दिवस, आणि माझ्या हालांची सुरुवातही तिथूनच झाली.

कारण त्याच संध्याकाळी मी शोकेसमध्ये गेलो. जे आवडतं ते जपायचं, आणि जपायचं म्हणजे हात लावायचा नाही, असा कुलदीपचा हिशेब होता. मला मधल्या फळीवर योद्ध्याच्या रूपात उभं केलं, काच सरकवली आणि बारकंसं कुलूप लावलं.

मित्रांनो, शोकेसमधली वर्षं कशी जातात ते मी तुम्हाला काय सांगू? घराजवळून गाडी धडधडत गेली की काच थरथरायची. माझ्या गुडघ्यांना वाटायचं, आता हलायचं! गाडी निघून जायची, मी तिथंच. शेजारचे रोबोट कधीचेच निमूट झाले होते. मला ते जमेना. चैत्र-वैशाखात आमच्याकडचं ऊन म्हणजे नुसता जाळ. त्या उन्हात बंद काचेआड माझं अंग कोरडं पडत होतं, कमरेतला जोड आवळत होता. मला ते कळत नव्हतं. मला एवढंच कळत होतं की मला बैल व्हायचं आहे.

कुलदीपची मुलगी अपेक्षा काचेला नाक लावून उभी राहायची. "बाबा, एकदा फिरवा ना त्याले."

"जोड सैल होतात, बेटा. पाह्यचं, हात नाई लावाचा."

मी आतून ओरडायचो, अरे, फिरवा रे कोणीतरी! पण प्लास्टिकचं ओरडणं कोणाला ऐकू जातं?

मग एक दिवस मला आशा दिसली. कुलदीपचा एक दोस्त आहे, रय्यान. अकोल्यात ताजनापेठेकडे त्याचं चष्म्यांचं दुकान आहे. त्यालाही आमचाच नाद. पण त्याची रीत वेगळी. तो फोनवर दुकान दाखवायचा तेव्हा मला दिसायचं, काउंटरवर त्याचे रोबोट रांगेनं उभे, आणि चष्म्याचा नंबर काढायला आलेल्यांची लेकरं त्यांना बिनधास्त फिरवताहेत. कोणाचा ट्रक होतोय, कोणाचं विमान होतंय. माझ्या तोंडाला पाणी सुटायचं, म्हणजे असतं तर सुटलं असतं.

रय्यानकडे क्रेन होणारा एक निळा रोबोट होता आणि कुलदीपचा त्याच्यावर कधीपासूनचा डोळा. यंदा दोघांचं ठरलं. रय्याननं निळा द्यायचा, कुलदीपनं मला द्यायचं. "जोड नव्यावानी हायेत, माही जबान," कुलदीपनं शब्द दिला. पोळ्याच्या दिवशी रय्यान जेवायला येणार होता आणि जाताना मला नेणार होता. माझ्या जिवाची नुसती तगमग झाली. अकोला! काउंटर! लेकरांचे हात!

पोळ्याच्या आदल्या दिवशी दुपारी कुलूप उघडलं. जायच्या आधी माझी पुन्हा एकदा पारख करायची, इतक्या वर्षांनी खेळणं कसं टिकलं ते लोकांना दाखवायचं, असा कुलदीपचा बेत होता. चादर आली, पोळपाट आला. त्यानं माझी कंबर धरली आणि फिरवली. टक् असा आवाज आला नाही. कुर्रर्र आला. क्षणभर त्याचा हात थांबला. "थोडी घट्ट हाये मंडळी, पन घट्टच चांगली," असं म्हणून त्यानं मला बैल केलं. तेवढ्यात स्टेशनवरून फोन आला, कुठला तरी सिग्नल बिघडला होता. मला तसंच दिवाणावर सोडून तो पळाला.

कितीतरी वर्षांनी मी चार पायांवर उभा होतो. बाहेर गाड्या धावत होत्या आणि मला वाटत होतं, उधळावं यांच्यासोबत!

संध्याकाळी मैनाबाई पोळपाट न्यायला आली आणि मला पाहून जागीच थबकली. इतकी वर्षं ती त्या शोकेसची काच पुसत होती, पण आतला तलवारवाला बैलही होतो हे तिच्या गावीच नव्हतं. ती मूळची धामणगाव रेल्वेजवळच्या खेड्यातली. लग्नापासून दर पोळ्याला तिच्या दारात बैलजोडी असायची. क्वार्टरमध्ये राहायला आल्यापासून पाटावर मातीचे बैल मांडायचे, एवढंच उरलं होतं.

आता, आमच्या वऱ्हाडात पोळ्याच्या आदल्या दिवशी बैलांचे खांदे शेकतात. वर्षभर जू ओढून खांदे आंबलेले असतात, म्हणून तूप-हळद चोळतात आणि उद्याच्या जेवणाचं आमंत्रण देतात. मैनाबाई आत गेली आणि वाटीत कोमट तूप-हळद कालवून घेऊन आली. पळसाचं पान बुडवून तिनं माझे दोन्ही खांदे चोळले. हळू, दाबून, जणू मी खरंच दिवसभर नांगर ओढून आलो होतो.

"आज आवतन घ्या, उद्या जेवाले या, चांद्या," ती म्हणाली.

मला तोवर कोणी नाव दिलं नव्हतं. माझ्याविषयी सगळे बोलायचे, माझ्याशी बोलणारी ही पहिलीच. मी विरघळून गेलो. आणि पुढच्याच क्षणी घाबरलो, कारण तूप माझ्या खांद्यांच्या जोडात उतरत होतं आणि पांढऱ्या अंगावर हळद पसरत होती. माझं अकोला! नव्यासारखे जोड देण्याचा शब्द दिला होता ना कुलदीपनं! खरं सांगतो, त्या वेळी मला त्या माउलीचा रागच आला.

कुलदीप घरी आला आणि त्यानं घर डोक्यावर घेतलं.

"काऊन हात लावला व आई? खेळनं हाये थे! जोडात तूप गेलं की हात लुळे पडते. अन् हळद निघते का कधी? आता रय्यानले काय तोंड दाखवू मी?"

"आजच्या दिशी घरात बैल उभा," मैनाबाई म्हणाली, "त्याले कोरडा ठेवू का?"

"बैल नाई थो! अक्कल नाई का तुले?"

हे शब्द तोंडातून गेल्यावर त्यालाही ते लागले असावेत. पण तो मागे फिरला नाही. मैनाबाई वाटी उचलून आत गेली.

दुसऱ्या दिवशी रय्यान आला आणि पिशवीतून निळा रोबोट काढून दिवाणावर ठेवला. स्वयंपाकघरात पुरण शिजत होतं, पोळपाट कामात होता, म्हणून मोबाइल पिठाच्या डब्याला टेकवला. कुलदीप खोटं बोलणाऱ्यांतला नव्हता. त्यानं मोबाइल सुरू केला आणि माझे पिवळे खांदे आधी दाखवले. "मंडळी, खेळनं खराब झालं. माह्या आईनं तूप-हळद लावली."

रय्याननं मला हातात घेतलं आणि हसला. "अरे भाऊ, इतकंच ना? माह्या दुकानात लेकरं याच्यावर चिवड्याचे हात पुसतीन. आमच्या आज्याकडं बी बैलं होते, ते बी खांदे शेकत होते. मले चालते. एकदा रोबोट करून दाखवा, मंग नेतो."

मित्रांनो, माझ्या अंगात पुन्हा वारं शिरलं. चाललो! अकोल्याला चाललो!

कुलदीपनं माझे पुढचे पाय धरले आणि ओढले. तूप गेलेले खांदे अलगद फिरले. थोडे सैल झाले होते, ते कशाला लपवू? पण फिरले. मग त्यानं कंबर धरली. जिथं ना तूप पोचलं होतं ना इतकी वर्षं कोणाचा हात, ती कंबर. त्यानं हळूच जोर दिला.

कट्.

दारातून अपेक्षानं विचारलं, "मोडला?"

रय्याननं मोबाइलकडे हात नेला. "बंद करू का भाऊ?"

"राहू दे." कुलदीप माझ्या कमरेच्या जोडातला तुटका खिळा बोटांवर घेऊन न्याहाळू लागला. मग मोबाइलकडे वळला. "मंडळी, जिथं आईनं तूप लावलं थो खांदा चालू हाये. जिथं म्या इतके वर्सं कोनाले हात लावू देल्ला नाई, थे कंबर मोडली. अन् मी आईवर वरडलो." त्यानं स्वतःच मोबाइल बंद केला.

रय्याननं माझे दोन्ही भाग जुळवून पाहिले. योद्धा होऊन मला आता उभं राहता येत नव्हतं, धड लटपटत खाली येत होतं. बैल केल्यावर मात्र वरच्या खाचा एकमेकींत बसल्या आणि मी चारही पायांवर ठाम उभा राहिलो. "आता हा बैलच, भाऊ," तो हळूच म्हणाला. त्यानं निळा रोबोट आपल्या पिशवीत परत ठेवला नाही, मागितलाही नाही. पण कुलदीपनंच तो उचलून त्याच्या पिशवीत घातला. माझं अकोला तिथंच संपलं.

मग कुलदीप मला घेऊन स्वयंपाकघरात गेला. मैनाबाई पाठमोरी पोळी लाटत होती.

"आई, याले आवतन देल्लं होतं ना तू?"

ती वळली नाही. "देल्लं होतं."

"मंग ताट वाढ. अन् मले बी माफ कर."

मैनाबाईनं पदरानं डोळे पुसले, मला पाटावर मातीच्या बैलांच्या मधोमध उभं केलं आणि पुरणपोळीचं ताट माझ्यापुढे ठेवलं. रय्यान आणि कुलदीप बाजूलाच जेवायला बसले. मी एक घासही खाऊ शकत नव्हतो, तरी पोट भरल्यासारखं वाटत होतं.

दुसऱ्या दिवशी तान्हा पोळा. वऱ्हाडातली लेकरं या दिवशी आपापले लाकडी बैल सजवून मिरवतात. अपेक्षानं माझ्या शिंगांना बेगड लावली, गळ्यात घुंगरू बांधलं आणि मला घेऊन निघाली. मैदानात लाकडी बैलांच्या रांगेत मी उभा राहिलो, उन्हात, धुळीत, आणि कितीतरी हात माझ्या पाठीवरून फिरले. घरी येईपर्यंत माझं एक शिंग खरचटलं होतं. मला त्याचं काडीचंही वाईट वाटलं नाही.

आता मी अपेक्षाच्या दप्तराशेजारी राहतो. शोकेसला कुलूप नाही. कुलदीप दर सुट्टीला एकेक रोबोट बाहेर काढतो, फिरवतो आणि मगच त्याच्याविषयी बोलतो. टक्, टक् असा आवाज आला की माझ्या आतला योद्धा धडपडून उठू पाहतो. त्याला उठता येत नाही. मी सुखी आहे, पण ती धडपड काही थांबलेली नाही, आणि थांबणारही नाही.

म्हणून मित्रांनो, माझी एकच विनवणी आहे. तुमच्या घरीही काचेआड कोणीतरी उभं असेल. फार जपलेलं, फार कौतुकाचं. त्याला बाहेर काढा. जोर लावू नका, कुरकुरलं तर थांबा, थोडं ऐका. पण त्याला फिरवा. माझ्यासाठी फिरवा. आजच फिरवा.