चार मिनिटं बावन्न सेकंद

आमच्या दवाखान्यात सगळ्यात जास्त गाणी गायली आहेत ती अज्ञात कलाकाराने. अकराशे बावीस. त्याच्या खालोखाल 'ट्रॅक ०१' नावाचं एक गाणं आहे, ते त्रेसष्ट वेळा आहे आणि दर वेळी वेगळंच वाजतं. हे मला कळलं, कारण एका सोमवारी छोट्या डॉक्टर म्हणाल्या, की मावशी, कॉम्प्युटरवरचा तो गाण्यांचा उकिरडा जरा आवरा. त्यांच्या तोंडी मावशी आलं की समजावं, काम आलं. एरवी त्या मला नुसतं "अहो" म्हणतात.

दवाखाना दातांचा. मोठे डॉक्टर म्हणजे वडील, वय एकाहत्तर. छोट्या डॉक्टर म्हणजे त्यांची लेक, सहा वर्षांपूर्वी शिकून आलेली आणि तेव्हापासून सगळ्यांना शिकवणारी. मी बाहेरच्या टेबलावर, एकोणीस वर्षं. अपॉइंटमेंट मी देते, रडणाऱ्या मुलांना मी गप्प करते आणि त्यांच्याहून मोठ्याने रडणाऱ्या बाप्यांनाही. माझ्या कॉम्प्युटरवर एक मीडिया प्लेअर आहे. त्यावर लावलेली गाणी बाहेर बाकांवर आणि आत दोन्ही खोल्यांत ऐकू जातात, आणि व्हिडिओ समोरच्या टीव्हीवर दिसतात.

उकिरडा म्हणायला कारण होतं. आदल्या आठवड्यात ब्रश कसा करावा हे शिकवणाऱ्या अस्वलाचा व्हिडिओ संपला आणि त्याच्यामागून आपोआप मोठ्या डॉक्टरांच्या हर्नियाच्या ऑपरेशनचा लागला. बाकांवर सात माणसं होती. दोघं दुखरा दात तसाच घेऊन घरी गेले.

मी पदर खोचला. तीन दुपारी बसून चार हजार फायली चाळल्या. कुणी पेनड्राइव्हवर आणून दिलेली, कुणी कॅसेटवरून उतरवलेली, कुणाच्या तरी भाच्याच्या लग्नाचे नऊ व्हिडिओ. त्या भाच्याचा आता घटस्फोटही झालाय. प्लेअरमध्ये प्रत्येक गाण्याला प्रकार लिहायचा एक रकाना असतो. तिथे लोक शास्त्रीय, सुगम असलं काहीतरी लिहितात. मी लिहिलं: वाट बघताना, भूल चढताना, दात काढताना, घरी जाताना. ज्या गाण्याने पेशंट गप्प बसतो त्याला पाच तारे. ज्याने त्याला स्वतः गायची हुक्की येते त्याला एक. अस्वलाला त्याचं स्वतंत्र फोल्डर दिलं आणि हर्नियाला कुलूप.

मग डुप्लिकेट. प्लेअर स्वतःच शोधून देतो: एकाच नावाची, एकाच वादकाची दोन-दोन, तीन-तीन गाणी. जिचा आवाज खराब त्या प्रतीपुढे तो आपणहून बरोबरची खूण करतो, आपण फक्त बटण दाबायचं. सहाशे चाळीस निघाली. मी दाबलं.

छोट्या डॉक्टरांनी यादी वरून खाली पाहिली आणि म्हणाल्या, "छान केलंत." सहा वर्षांत पहिल्यांदा. मी ते चारचौघांत तीनदा सांगितलं, त्यातल्या एकदा पोस्टमनला.

आता एक सांगायला हवं. मोठ्या डॉक्टरांची एक खोड होती. भुलीचं इंजेक्शन दिलं की आतून आवाज यायचा, "ताई, आपलं लावा." आपलं म्हणजे एक व्हायोलिनची धून. मी डबल क्लिक करायची. एकोणीस वर्षं, दिवसातून पाच-सहा वेळा, तीच धून. पूर्वी कॅसेट होती, मग ती कॉम्प्युटरवर उतरवली, खरखरीसकट. मला ती धून इतकी नकोशी झाली होती की घरी कुणी व्हायोलिन लावलं तर मी गॅस बंद करायला उठायची, चालू नसला तरी. डॉक्टरांचा काहीतरी शकुन असेल असं समजून मी कधी विचारलं नाही.

माझी आवराआवर झाली त्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळी पहिल्याच हेडबाई आल्या. नावाप्रमाणे शाळेच्या हेड, निवृत्त होऊन दहा वर्षं झाली तरी अजून हेडच. त्यांची खालची दाढ खोलवर किडली होती. डॉक्टरांनी इंजेक्शन दिलं, आतून "आपलं लावा" आलं, मी लावलं. खरखर नाही, स्वच्छ. माझ्यावर मीच खूश. धून संपली. डॉक्टरांनी विचारलं, सुन्न झालं का? बाईंनी जन्मात कधी कुणाला "अजून नाही" म्हटलेलं नाही. म्हणाल्या, "करा सुरू."

डॉक्टरांनी मशीन लावलं आणि बाई किंचाळल्या. नुसत्या किंचाळल्या नाहीत, डॉक्टरांचं बोट चावल्या. बाहेरचे तिघे उठून गेले. छोट्या डॉक्टर शेजारच्या खोलीतून धावत आल्या तर बाई खुर्चीत ताठ बसलेल्या, डोळ्यांत पाणी, आणि डॉक्टर बोट धरून भिंतीपाशी उभे. भूल चढायच्या आत त्यांनी हात घातला होता. असं चाळीस वर्षांत झालं नव्हतं. बाईंनी पदराने डोळे पुसले आणि उघड्या दाढेनिशी निघून गेल्या. जाताना मला म्हणाल्या, की डॉक्टरांना आता विश्रांतीची गरज आहे. त्यापेक्षा त्या माझ्यावर ओरडल्या असत्या तर बरं झालं असतं.

त्या दिवसापासून डॉक्टरांनी हत्याराला हात लावला नाही. छोट्या डॉक्टरांनी त्यांच्या सगळ्या अपॉइंटमेंट आपल्या रकान्यात घेतल्या. भांडण झालं असतं तर निदान ऐकू तरी आलं असतं, पण डॉक्टर स्वतःच म्हणाले, "बरोबर आहे तुझं. मला कळलंच नाही गं, वेळ झाली की नाही ते." शुक्रवारी त्यांची खुर्ची न्यायला माणूस येणार होता. त्या खोलीत एक्स-रेचं मशीन बसणार होतं. चाळीस वर्षांची खुर्ची, पायाच्या दांड्याने वरखाली होणारी, आणि तिच्यामागे चाळीस वर्षं उभा असलेला माणूस आता बाहेरच्या बाकावर पेशंटसारखा बसून जुनी मासिकं वाचत होता.

बुधवारी दुपारी बाकांवर कुणी नव्हतं. डॉक्टर म्हणाले, "ताई, आपलं लावा." मी लावलं. त्यांनी मासिक मिटून डोळे मिटले. धून संपली तसा त्यांचा उजवा हात आपोआप पुढे आला, पंजा उघडा, जसा ते हत्यारांच्या ट्रेकडे करतात. मग त्यांनी डोळे उघडले आणि त्या हाताकडे पाहिलं. "संपलं? एवढ्यात?" असं म्हणाले. आणि मग, हल्ली सगळंच लवकर संपतंय, माझ्यातच काहीतरी बिघडलंय, असं स्वतःशी पुटपुटत ते चहाला घरी गेले.

मी स्क्रीनकडे पाहिलं. दोन मिनिटं दहा सेकंद. प्लेअरमध्ये 'सर्वाधिक वाजलेली' अशी एक यादी असते, ती मी आवरायची विसरले होते. तिच्यात पहिल्या नंबरवर तीच धून, पण करड्या अक्षरात, कारण फाइल पुसली गेलेली, नोंद तेवढी उरलेली. लांबी चार मिनिटं बावन्न सेकंद. वाजली सतरा हजार चारशे सहा वेळा.

मी कॉम्प्युटरची कचरापेटी उघडली. तिथे होती, खरखरीसकट. कुणीतरी पेनड्राइव्हवर आणलेली अर्धवट प्रत मी ठेवली होती आणि डॉक्टरांचं घड्याळ फेकून दिलं होतं. घड्याळच ते. पेशंटसमोर भिंतीकडे बघितलं की पेशंट घाबरतो, म्हणून त्यांच्या खोलीत भिंतीवर घड्याळच नव्हतं. इंजेक्शन, धून, धून संपली की हात पुढे. त्यांना स्वतःलाही हे माहीत नव्हतं.

आता कुणाला वाटेल, मी लगेच धावत जाऊन सांगितलं. नाही सांगितलं. ती फाइल गुपचूप जागेवर ठेवली आणि मूग गिळून बसले. मनात म्हटलं, आपोआप निस्तरेल. कसं निस्तरणार होतं, माझं कपाळ? डॉक्टर हात लावायला तयार नव्हते. आणि मला ते "छान केलंत" परत द्यायचं नव्हतं. एका रात्रीत मी इतकी कारणं शोधली की वकील झाले असते.

गुरुवारी जेवणाच्या सुट्टीत बापलेक समोरासमोर डबा खात होते. डॉक्टर खुर्चीवाल्यासाठी म्हणून किल्ल्या वेगळ्या काढत होते. त्या किल्ल्या बघून मला राहवेना. मी उभ्या उभ्या सगळं सांगून टाकलं.

डॉक्टरांना आधी रागच आला. चाळीस वर्षं डॉक्टरकी मी केली की व्हायोलिनने, असं ते म्हणाले. छोट्या डॉक्टरांनी डब्याचं झाकण लावलं. त्या चिडल्या की आवाज खाली आणतात.

"हे तर जास्तच वाईट आहे, मावशी. उद्या लाईट गेली तर? बाबा काय करणार?"

उत्तर नसलं की मी पुढचं बोलून जाते. म्हटलं, "माझी वरची दाढ दोन वर्षं ठणकतेय. काढा. गाणं न लावता."

एकोणीस वर्षं दातांच्या दवाखान्यात नोकरी आणि दोन वर्षं लवंग धरून बसलेली मी. छोट्या डॉक्टर माझ्याकडे अशा बघायला लागल्या की जणू मी आजच कामाला लागले. मग त्यांनी मनगटावरचं घड्याळ काढून हातात घेतलं. "चालेल," म्हणाल्या. डॉक्टर नाही नाही म्हणत होते. म्हणता म्हणता उठले आणि हात धुवायला लागले.

खुर्चीतून दवाखाना वेगळाच दिसतो. छतावर एक पोपडा आलाय, तो मी कधी पाहिला नव्हता. सुई टोचली. डॉक्टर सवयीने म्हणाले, "ताई, आपलं..." आणि थांबले, कारण लावणारी ताई आ वासून खुर्चीत होती. बाहेरच्या कॉम्प्युटरची वायर छोट्या डॉक्टरांनी स्वतःच काढून ठेवली होती. खोलीत चिडीचूप. डॉक्टरांचा हात ट्रेच्या वर अधांतरी. मला वाटलं, आता हा माणूस हात खाली ठेवणार आणि कायमचा घरी जाणार.

मग ते गुणगुणायला लागले. तीच धून. पहिली ओळ एका पट्टीत, दुसरी दुसऱ्या, तिसरी कुठल्याच नाही. व्हायोलिनच्या खरखरीचीसुद्धा मला आठवण आली. तोंड उघडं ठेवून, बोलायची सोय नसताना, आपल्याच डॉक्टरांचं गाणं ऐकणं यापरता छळ नाही. दोनेक मिनिटांनी मला सहन होईना, शिवाय लवकर सुटका व्हावी म्हणून मी मान हलवली, की झालंय सुन्न, करा सुरू.

डॉक्टरांनी माझ्याकडे पाहिलं. "खोटं बोलताय," म्हणाले, आणि पुढची ओळ धरली.

ती संपवून त्यांनी टोकदार सळईने हिरडी टोचून पाहिली, मला काही कळलं नाही, तेव्हा कुठे हात पुढे आला. दाढ निघाली ती मला ट्रेमध्ये वाजली तेव्हा समजली.

"पाच मिनिटं अडतीस," छोट्या डॉक्टर म्हणाल्या.

"शेवट जरा लांबला," डॉक्टर म्हणाले.

छोट्या डॉक्टरांनी घड्याळ परत मनगटावर बांधलं, बाहेरून अपॉइंटमेंटची वही आणली आणि सोमवारी दहा वाजता वडिलांच्या रकान्यात हेडबाईंचं नाव लिहिलं. डॉक्टर ते वाचत होते आणि चष्मा पुन्हा पुन्हा पुसत होते. मला रडू आलं. त्यांना वाटलं दुखतंय, म्हणून आणखी कापूस दिला.

"अर्धा तास दाबून धरा," छोट्या डॉक्टर मला म्हणाल्या. "मग दोन फोन करा. खुर्चीवाल्याला सांगा, येऊ नका. आणि बाईंना सोमवारची वेळ द्या. चूक कुणाची होती, तेही सांगा."

अर्धा तास मी कापूस चावत कारणं शोधली. प्लेअरने आपणहून खूण केली होती. फायलीचं नाव सारखंच होतं. सगळं खरं होतं. आतून डॉक्टरांचा आवाज येत होता, ते खुर्चीचा दांडा दाबून तिला वरखाली करून बघत होते. मी कापूस टाकला आणि आधी खुर्चीवाल्याचा फोन उरकला. मग बाईंचा नंबर फिरवला. अर्धं तोंड अजून माझं नव्हतं. उरलेल्या अर्ध्याने मी सगळं सांगितलं, की डॉक्टरांचा हात चुकला नव्हता, मी चुकले, आणि मला क्षमा करा.



"पुटपुटू नकोस," बाई म्हणाल्या. "परत सांग. स्पष्ट."

मी उभी राहिले आणि परत सांगितलं.