आम्ही वेगळे आहोत हो!

नवऱ्याशी भांडायला मला कधी कारण लागलं नाही. मी जामनेरकडची, खानदेशी. आमचे बळीराम अकोल्याचे, पक्के वऱ्हाडी. दोघांची घरं पोट भरायला सुरतेत आली, तिथल्या पांडेसरा वस्तीत आमचं जुळलं आणि लग्नाच्या पंगतीतच भरतावरून पहिलं भांडण झालं. वांगं भाजायचं, इथवर एकमत. पुढे मी शेंगदाणे अन् हिरवी मिरची घालून फोडणी देते, ह्यांना वरून जवसाचं कच्चं तेल हवं. तेव्हापासून मी त्यांना परमुलखातलं माणूस म्हणते आणि ते मला.

दिवाळीपासून ह्यांचा दम वाढला होता. सगळं आयुष्य कापड रंगवायच्या मिलमध्ये, त्या वाफेत गेलेलं. जिना चढताना मध्येच पायरीवर बसायचे. डॉक्टरचं नाव काढलं की, "मले काय झालं वं?" म्हणून माझ्यावरच डोळे वटारायचे. मला फार भीती वाटत होती, आणि भीती वाटली की मी जास्तच चिडते.

अशात शेजारच्या शोभाबाईने बातमी आणली. स्नेहा नावाची कॉलेजातली पोरगी वस्तीत फिरतेय. बाहेरून सुरतेत येऊन दुसऱ्या मुलखातल्या माणसाशी लग्न केलेल्यांची तब्येत कशी राहते, याचा ती अभ्यास करते. जोडपं वेगळ्या मुलखातलं निघालं तर दोघांची तपासणी फुकट, छातीच्या फोटोसकट! शोभाबाईचा नवरा ओडिशाचा, त्यांचं काम लगेच झालं.

फुकट म्हटल्यावर हेही विरघळले. "फुकट हाय तं पाहू बाप्पा," म्हणाले. मला वाटलं, हा अभ्यास काढलाय तो आमच्यासाठीच.

रविवारी स्नेहा आली. मी ह्यांना आधीच बजावलं होतं, "आज मोकळ्या मनाने भांडा." पण ती समोर बसली आणि आम्हाला काय झालं देव जाणे.

"जेवणावरून खटके उडतात?" तिने विचारलं.

"नाही बाप्पा," हे म्हणाले. "ही करते ते झकासच असते."

अगं बाई! एवढ्या वर्षांत हे कधी ऐकलं नव्हतं, आणि ऐकायला मिळालं ते आजच!

"सणवार कोणाच्या पद्धतीने?"

"ह्यांच्या," मी म्हणाले.

"हिच्या," हे म्हणाले. आणि आम्ही दोघं लाजलो. ह्या वयात!

स्नेहाने पेन बंद केलं. "मावशी, तुम्ही दोघं मराठीच की. सुरतवाल्यांना तर तुम्ही एकच. अभ्यासात नाही बसणार तुम्ही."

माझं डोकंच फिरलं. "एकच? ह्या माणसाने माझ्या भरताला लगदा म्हटलंय, तेही माझ्या आईसमोर!"

"लगदाच होता!" हे ताडकन उठले. शाब्बास! "अवं, भरीत कराचं म्हंजे... वांगं..."

आणि दम लागला. भिंत धरून उभे राहिले. तोंड उघडं, पण शब्द फुटेना.

मग मला राहवेना.

"वांग्याची चव मिरचीत मारू नये, असं म्हणायचंय त्यांना," मी स्नेहाला सांगितलं. "वरून तेल, बाजूला कच्चा कांदा, बस. हिच्या माहेरी मिरचीलाच भाजी समजतात, म्हणतात." आणि त्यावर मीच ओरडले, "माहेराचं नाव काढायचं काम नाही!" मग पुन्हा त्यांच्या बाजूने सुरू झाले. इकडून मी अन् तिकडूनही मीच. हे फक्त मान हलवत होते. मला रडू कधी फुटलं तेही कळलं नाही.

स्नेहा घाबरून उठली. "अभ्यास राहू द्या मावशी. काकांना आत्ताच दवाखान्यात न्या, मी येते सोबत."

ह्यांनी हात हलवला. ओठ हलले, पण आवाज आला नाही. त्यांना काय म्हणायचंय ते मला बरोबर कळलं.

"बाकी सगळं तुमच्या बाजूने बोलले," मी डोळे पुसत म्हणाले, "पण 'नको' मात्र मी बोलणार नाही. ते तुमचं तुम्ही बोला."

त्यांनी दोनदा श्वास घेऊन बघितला. मग गुपचूप चपला घातल्या.