पाखरू उसवून टाका

शिरूरच्या मिशन शाळेत राहेलबाई मुलींना शिवण शिकवायच्या. भरतकामात त्यांचा हात धरणारं आसपास कुणी नव्हतं, म्हणून निमोण्याचा जयसिंग पँट घेऊन त्यांच्याच दारी आला. पासष्टची लढाई नुकतीच थांबली होती.

पँट मिलिट्रीची, जाड सुती, उन्हानं हिरव्याची पिवळट झालेली. पुण्याच्या जुन्या बाजारातून आणलेली. उलगडताच घाम आणि रॉकेलचा कुबट भपकारा आला.

"खिशावर माझं नाव भरायचं, लाल रेशमानं," जयसिंग म्हणाला. "आन् हितं मांडीवर भोक पाडून रफू करा. गोळी लागल्यावानी दिसाया पायजे. गावात सत्कार हाय माझा."

राहेलबाईंना वाटलं, आपलीच ऐकण्यात चूक झाली. जयसिंग लष्करात भरती झाला होता हे खरं; पण काही महिन्यांतच त्याला घरी धाडलं होतं, आणि लढाईभर तो दौंडला मामाच्या वखारीत बसून होता.

त्यांनी पँट उलटी केली. कंबरपट्टीच्या आत हिरव्या दोऱ्यानं एक पोपट भरलेला होता, वेडावाकडा, चोच अंगापेक्षा मोठी झालेला. कुणा घरच्या बाईनं घातलेले टाके. गुडघ्यावरचं ठिगळ मात्र पुरुषाच्या हातचं, पांढऱ्या दोऱ्यानं ओढूनताणून शिवलेलं. ठिगळाच्या कडेनं काळपट डाग, कितीदा धुऊनही न गेलेला.

"ही कुणाची होती?"

"असंल कुना मेल्याची. ते पाखरू उसवून टाका बाई, बायकी दिसतंय."

आणि तो हसला. दात पानानं रंगलेले. पँट गुंडाळून राहेलबाईंनी त्याच्यापुढं टाकली.

"हे माझ्याच्यानं व्हायचं नाही. जा तुम्ही."

तो गेल्यावर त्यांनी साबण लावून हात धुतले, पुन्हा धुतले. वास बोटांना चिकटूनच राहिला.

काम बाजारातल्या रखमाजी शिंप्यानं केलं.

सत्काराला स्वागतगीत म्हणायला मिशनच्या मुलींना बोलावणं आलं, त्यामुळं राहेलबाईंना निमोण्याला जाणं भाग पडलं. देवळापुढं मांडव घातलेला. जयसिंग तीच पँट घालून छाती काढून उभा होता. खिशावर लाल नाव, मांडीवर विडीनं पाडलेलं भोक आणि त्यावर रफू.

"गोळी हितनं आरपार गेली, पर म्या मागं सरलो न्हाई!"

माणसं टाळ्या पिटत होती. रखमाजी शिंपीही.

मग त्याची आई सोजराबाई ओवाळायला पुढं आली. तिनं रफूवर बोटं टेकवली, ती कपाळाला लावली आणि रडू लागली. खोटं नव्हे, खरंखुरं, पदरानं नाक पुसत. लढाई चालू असताना दौंडला त्याच्यासाठी लाडू बांधून नेणारी हीच बाई! राहेलबाईंना त्या आसवांचीच शिसारी आली.

डोळे पुसून सोजराबाईनं त्यांच्या हातावर पेढा ठेवला. "खावा की बाई, त्वांड ग्वाड करा."

चारचौघांत नाही म्हणवेना. त्यांनी पेढा तोंडात टाकला आणि मांडवामागं जाऊन थुंकला. तरी तोंडाचा तुपकटपणा जाईना. स्वतःचीच किळस आली त्यांना.

घरी आल्यावर नवऱ्याला, शलमोनला, त्यांनी सगळं सांगितलं. तो संतापला. "तिथंच उठून बोलायचं होतंस! का गप्प बसलीस?"

"सांगणार कुणाला? सगळ्यांना ठाऊक होतं."

पुढच्या वर्षी जयसिंग सोसायटीचा चेअरमन झाला आणि शाळेच्या समारंभाला पाहुणा म्हणून आला. हार घालायचं राहेलबाईंवर सोपवलं होतं. त्यांनी हार मुख्याध्यापिकेच्या टेबलावर ठेवला.

"मला मळमळतंय," म्हणाल्या, आणि घरी निघून आल्या. मळमळत होतंच.