तिसऱ्यांदा लावलेला कौल

"कळ्या इतक्या ओल्या चिकटवल्यात, सांजपत्तोर पडायच्या न्हाईत," ठकुबाई माझ्या कानाशी पुटपुटली.

मार्गासनीच्या भैरवनाथाच्या देवळात आम्ही बायका खांबाला टेकून बसलो होतो. गुरवानं देवाच्या दोन्ही खांद्यांना एकेक कळी लावली होती. उजवी पडली तर शेफालीनं परदेशी शिकायला जायचं, डावी पडली तर नाही. तिच्या आईचा, मंगलचा, नवरा वारल्यापासून घरातले कर्ते मंगलचे दीर, मानसिंगराव. कौलाची अट त्यांचीच. शेफालीनं ती आईसाठी मानली होती. तिकडच्या विद्यापीठाला आजच कळवायचं होतं.

उजवी कळी दोनदा पडून गेली होती. पहिल्यांदा मानसिंगरावांनी पंख्याला दोष दिला, दुसऱ्यांदा गुरवाच्या हाताला.

तिसऱ्या वेळची वाट बघता बघता त्यांनी पुतणीला डिवचलं, एवढं लांब जाऊन करणार तरी काय? ती क्वांटम संगणकाचं शिकते हे साऱ्या गावाला पाठ होतं, समजलं कुणालाच नव्हतं, मला धरून. तिनं नेटानं सांगितलं. साध्या संगणकाच्या पोटात एकतर शून्य, नाहीतर एक. क्युबिटमध्ये मोजेपर्यंत दोन्हींचा मेळ असतो, मोजलं की एकच हाती लागतं. असे पुष्कळ क्युबिट एकमेकांत गुंतवून नीट चालवले, तर चुकीची उत्तरं धरणातल्या लाटांसारखी एकमेकांना जिरवतात आणि बरोबर उत्तराची लाट चढते. प्रत्येक कामाला ते चालत नाही. पण औषधाचे, खताचे रेणू कसे वागतात ते पुढंमागं नीट कळेल. यंत्रं अजून कच्ची आहेत, फार चुकतात, म्हणून तर माणसं हवीत.

"म्हंजी जे अजून धड झालंच न्हाई, त्याच्यापायी आईला टाकून जायाचं," मानसिंगराव म्हणाले. "लई शिकल्याली माणसं."

डावी कळी पडली. त्यांनी लगेच हात जोडले आणि चपलांकडे निघाले.

शेफाली जागची हलली नाही. "तात्या, आम्हीपण एकच गोष्ट पुन्हा पुन्हा मोजतो. पण नको असलेली उत्तरं टाकून देत नाही."

"देवाच्या दारात अक्कल शिकवू नगंस. तुझा बाप असता तर तंगडं मोडलं असतं."

मानसिंगरावांचा मुलगा स्वरूप असाच परदेशी गेला, तो आईच्या तेराव्यालाही आला नाही. त्याला रजा मिळत नाही, असं म्हणायची गावाला सवय लागली होती; मीही म्हणत आले. त्याच्या खोलीत ते अजून कांदा पसरू देत नाहीत.

मंगलनं दिरासमोर आजवर मान वर केली नव्हती. ती उठली आणि दाराच्या मधोमध उभी राहिली.

"भावजी," ती म्हणाली, "स्वरूप आता माघारी येणार न्हाई. त्याचा राग माझ्या लेकीवर काढू नका."