पाठीत इंजिन असलेली गाडी

छोट्या शेठनं, म्हणजे आमच्या गिरणीमालकाच्या पोरानं, इटलीची गाडी आणली, तिचा मला पहिल्या दिवसापासून वीट आला. पिवळी, बसकी, पसरलेली. तीन सेकंदांत शंभरचा वेग पकडते म्हणे. पकडून जाणार कुठे, करी रोडच्या पुलावर? टॉवरच्या फाटकातलं गटार ओलांडायला वॉचमन तिच्यापुढे फळ्या टाकतात, तोवर भाजीची हातगाडी पुढे निघून जाते.

टॉवर आमच्या गिरणीच्या जागेवर आहे. संपात गिरणी बंद पडली ती पडलीच. आता तिची एकटी चिमणी उरलीय, आणि ती तरी राहावी म्हणून आमचे हे शेठच्या दारी खेटे घालत होते. दसऱ्याला त्यानं निरोप धाडला, गाडीची पूजा जुन्या गिरणी कामगाराच्या हातून करायचीय, मग चिमणीचं बघतो. यांनी लगेच धुतलेली टोपी काढली. मला शिसारी आली. संपानंतर यांनी कुठल्याच मशीनला कुंकू लावलं नव्हतं, पोराच्या स्कूटरलासुद्धा नाही. आणि आता शेठचं खेळणं ओवाळायला निघाले. तरी ताट घेऊन मी मागोमाग गेलेच.

इंजिनाला हळदकुंकू लावायला यांनी पुढचं झाकण उघडायला सांगितलं. आत नुसती बॅग ठेवायची जागा. शेठ आणि त्याचा मित्र पोट धरून हसले. या गाडीचं इंजिन सीटच्या पाठीशी असतं म्हणे. हे ओशाळून मागे गेले, तिथे बोटं टेकवली आणि नारळ उचलला. शेठनं आत बसून इंजिन सुरू केलं आणि कानठळ्या बसल्या. मग उघड्या दारातून मान वळवून तो मित्राशी बोलला.

एवढ्या आवाजात कोण ऐकणार, असं त्याला वाटलं असेल. पण हे गिरणीत साचाखात्यात मागावर, मी सूत गुंडाळायच्या वाइंडिंगला. तिथे मशीनच्या खडखडाटात कुणालाच कधी काही ऐकू यायचं नाही. अख्खी पाळी आम्ही एकमेकांचे ओठ बघून बोलायचो, यूपीवाल्यांशी हिंदीतसुद्धा. शेठचे ओठही आम्ही दोघांनी वाचले.

"चिमनी तो सोमवार को गिर रही है. बुढ्ढे को अभी मत बोल, नारियल फोडने दे."

मी ओठांनीच यांना म्हटलं, चला घरी. हे हलले नाहीत. हातानं इंजिन बंद करायची खूण केली. ते बंद झालं.

"काय सीतारामकाका, फोडा ना," शेठ म्हणाला.

यांनी नारळ माझ्या ताटात परत ठेवला.

"सोमवारी किती वाजता पाडणार?"

शेठ मित्राकडे वळला आणि आवाज न करता नुसते ओठ हलवले, "इसको किसने बताया?"