वाचून झालेल्या बातम्या

सिस्टरनी डोळ्यावरची पट्टी काढली, टॅब्लेट मांडीवर घेतला आणि पेपर उघडला. मोतीबिंदूच्या ऑपरेशननंतर डॉक्टरांनी आठवडाभर अक्षराकडे बघायचं नाही अशी तंबीच दिली होती. तीस वर्षं वॉर्डात इतरांना अशा तंब्या देऊन झाल्यामुळे त्यांनी ती आजपर्यंत निमूट पाळली होती.

पेपरचं खातं मुलीनं उघडून दिलेलं, दोघींत एकच. वडील गेले तेव्हा ती वेळेत पोचली नाही. "आता येऊच नकोस," असं सिस्टर फोनवर बोलून गेल्या. त्याला तीन वर्षं झाली. मुलीनं बोलणं टाकलं. पेपरची वर्गणी मात्र भरत राहिली.

पेपर उघडला की सिस्टर आधी बातम्या वाचत नसत. 'नुकतंच वाचलेलं' ही यादी उघडत. त्यांनी न वाचलेलं त्यात जे असे, ते मुलीचं. शब्दकोडं, भाड्याची घरं, कुंडीतली झाडं. लेक ठीक आहे, एवढं कळलं की त्या चहा टाकायला उठत.

आज यादीत झाडं नव्हती. रक्ताच्या कर्करोगावरचा एकच लेख होता. सोमवारी उघडलेला, मंगळवारी, बुधवारी दोनदा, आज सकाळीही.

नंबर त्यांना पाठ होता. पहिल्याच रिंगला फोन उचलला गेला.

"आई?"

"कोणाला झालंय?"

पलीकडे दार लावल्याचा आवाज आला.

"बोल ना गं."

"मला," मुलगी म्हणाली. "तू यादीत पाहशील म्हणून रोज उघडत होते. पाहूनही फोन केला नाहीस असं वाटलं."

ऑपरेशनचं सिस्टरच्या अगदी ओठांवर आलं होतं. त्यांनी ते गिळलं.

"चुकलं माझं," त्या म्हणाल्या. "तेव्हाही चुकलं. रिपोर्ट आहे हाताशी? वाच. मी लिहून घेते."

मुलगी वाचू लागली. इंग्रजी शब्दांना अडखळत होती, आकडे दोनदा सांगत होती. सिस्टर पाठकोऱ्या कागदावर उतरवत गेल्या. चौथ्या आकड्याला त्यांचं पेन थांबलं. असे आकडे त्यांनी वॉर्डात खूप पाहिले होते; ते पेशंट घरी परतले नव्हते.

"आई, लिहितेयस ना?"

"लिहितेय गं," त्या म्हणाल्या, आणि पेनाला टोपण लावलं. "तू वाच. सावकाश वाच."